डफ, बिल्ला, भंडारा

बारामती-इंदापूरच्या राजकारणावर लिहायला बसलेला माणूस सहसा कारखान्याच्या गव्हाणीपासून सुरुवात करतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. मग जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था आणि शेवटी कोण कोणत्या गटात. हा हिशेब खरा आहे, पण त्यातून एक मोठा वर्ग कायम निसटतो. ज्यांच्या घरात कोणी संचालक नाही, ज्यांचा ऊस थोडा किंवा अजिबात नाही, ज्यांना सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलवर कोणी घेत नाही, अशी पोरं राजकारणात काय घेऊन येतात? त्यांच्याजवळ आवाज असतो, चाल असते, अंगावरचा कपडा, कपाळावरचा रंग, टिंगल, शिवी, गाणं असतं. प्रस्थापितांना खटकेल अशी एक राहणी ते उभी करतात. आणि बघता बघता ती राहणी कोणा नेत्याच्या सभेत पुढच्या रांगेत दिसू लागते.

समाजाची 'आम्ही साधी, खरी माणसं' आणि 'ते वर बसलेले' अशी दोनच भागांत वाटणी करायची आणि त्या 'आम्ही'च्या नावाने एकाच नेत्याने बोलायचं, या राजकारणाला अलीकडे पॉप्युलिझम म्हणतात. अशा राजकारणाला कार्यक्रमाच्या आधी 'आम्ही' लागतो, आणि तो जाहीरनाम्यातून तयार होत नाही. तो एकसारखा गमछा, एकसारखी दाढी, एकत्र म्हटलेली घोषणा यातून तयार होतो. बंडखोर पोरांनी हे काम आधीच, फुकटात करून ठेवलेलं असतं. नेत्याला फक्त येऊन उभं राहायचं असतं.

गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे हे वारंवार घडलं आहे, आणि त्यातले बरेच धागे बारामती-इंदापूरच्या रस्त्यावरून जातात. त्यांच्याकडे बघताना मी दोन वेगळे हिशेब ठेवतो. शैलीला काय मिळालं, हा एक. शैली ज्यांची होती त्या माणसांना काय मिळालं, हा दुसरा. हे दोन हिशेब एकमेकांपासून जितके लांब जातात, तितकी त्या राजकारणात फसवणूक जास्त, असं मी मानतो.

सुरुवात केशवराव जेध्यांपासून करायला हवी. १९५७ साली बारामतीने लोकसभेत पाठवलेला हा खासदार एके काळी पुण्यातला सर्वांत बदनाम मेळेवाला होता. १९२० च्या दशकात पुण्याच्या गणेशोत्सवातले मेळे ब्राह्मणी वळणाचे होते. त्यांना उत्तर म्हणून जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा उभा केला. मागे सत्यशोधक जलशांची परंपरा होती: तमाशाचा गण, गवळण, बतावणी हा साचा तसाच ठेवायचा आणि आत मजकूर घालायचा तो भटजी, सावकार, कुलकर्णी यांच्या लुबाडणुकीचा. शिष्टांच्या कानाला ती भाषा गावंढळ वाटायची. गावात तीच तिची ताकद होती. १९२५ मध्ये टिळक-चिपळूणकरांवर तुटून पडणारं 'देशाचे दुश्मन' निघालं. खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊन आरोपींना सोडवलं. या मेळ्यांच्या भांडणात दोन्हीकडची गाणी एकमेकांच्या घरातल्या बायकांवर घसरत, हेही नोंदवायला हवं. वरच्यांना खाली खेचण्याची भाषा फार लवकर बाईवर येऊन थांबते. ही खोड पुढच्या प्रत्येक टप्प्यावर दिसते.

पुढे तेच जेधे काकासाहेब गाडगिळांच्या जोडीने काँग्रेसमध्ये गेले. स्वातंत्र्याच्या तोंडावर शंकरराव मोऱ्यांबरोबर त्यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला, नंतर ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले आणि बारामतीचे खासदार झाले. १९५९ मध्ये ते गेले. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शेकापने उभे केलेले वसंतराव पवार आणि त्याच निवडणुकीत काँग्रेसचा प्रचार करणारा त्यांचा धाकटा भाऊ शरद, ही गोष्ट बारामतीकरांना तोंडपाठ आहे.

या टप्प्यावर माझे दोन्ही हिशेब बऱ्यापैकी जुळतात. मेळ्यात आणि जलशात गाणाऱ्यांच्या पुढच्या पिढीला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने शाळा दिल्या, कुळकायद्याने जमिनी दिल्या, सहकाराने कारखाने दिले. टिंगल करणाऱ्याला खरोखर शिडी मिळाली. मात्र ती ठरावीक जातींच्या आणि हळूहळू ठरावीक घराण्यांच्या दारात उभी राहिली. काल ज्यांनी सावकाराची नक्कल केली, त्यांचेच नातू आज उसाचं बिल कधी काढायचं ते ठरवतात. जलसा थांबला तो यामुळेच. आपल्याच घरावर कोण गाणं रचणार?

दुसरा धागा बार्शीचा आहे आणि तो इंदापूरला तुटतो. अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, यांनी अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांचा आवाज गाजला. तमाशातला गण त्यांनी बदलला, नमन देवाऐवजी कष्टकऱ्याला सुरू झालं. कामगार, शेतकरी, कारकून, प्राध्यापक, वेगवेगळ्या जातीची माणसं एका डफाखाली आली. मराठीत 'आम्ही' तयार करण्याचं इतकं मोठं काम दुसऱ्या कोणत्याही कलेने केलेलं मला माहीत नाही. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि संयुक्त महाराष्ट्र समिती विखुरली. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात अमर शेख गेले. तोवर त्यांनी घडवलेल्या मराठी बाण्याला नवा मालक मिळाला होता.

१९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. संस्थापक व्यंगचित्रकार होता, आणि हा तपशील वरवरचा नाही. त्याच्या 'मार्मिक' साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या जात. रेषेतली टिंगल आणि यादीतला शत्रू एकाच अंकात. समितीच्या 'आम्ही'मधून कामगार आणि भांडवलदार हा प्रश्न गाळला आणि मराठी-अमराठी तेवढं ठेवलं की शिवसेना उरते. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. लाल बावट्याच्याच गल्लीत हे घडलं.

दादा कोंडके हे त्या काळाचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. घराणं भोर तालुक्यातल्या इंगवलीचं, वाढ नायगावच्या चाळीत, घडण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात आणि 'विच्छा माझी पुरी करा'च्या रंगमंचावर. १९७१ मध्ये त्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरला लागायचा होता. थिएटरने देव आनंदच्या चित्रपटाला पसंती दिली. शिवसैनिक उभे राहिले आणि 'सोंगाड्या' लागला. हाफ पँट, लोंबणारी नाडी, दुहेरी अर्थाचे संवाद, बावळट दिसणारा पण शहाण्यांना फजीत करणारा गडी: पांढरपेशांनी नाक मुरडलेली ही सगळी सामग्री गावाकडच्या माणसाला आपली वाटायची. पुढे दादांनी शिवसेनेच्या प्रचारसभा गाजवल्या. समाजवाद्यांच्या कलापथकात शिकलेली विनोदाची तालीम अशी दुसऱ्याच मांडवात पोचली. सेवा दलाला या माणसाची भाषा वापरता आली, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकाला राजकारणात जागा करून देता आली नाही. ती जागा शिवसेनेने दिली, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावं. १ नोव्हेंबर १९९६ ला याच शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेने मुंबईत मायकल जॅक्सनचा कार्यक्रम घेतला आणि युती सरकारने करमणूक कर माफ केला. पाश्चात्त्य चालीरीतींच्या विरोधात तावातावाने बोलणाऱ्या पक्षाला त्यात विसंगती वाटली नाही, कारण सभेत आणि जॅक्सनच्या मंचावर पुरवठा एकाच गोष्टीचा होता: तरुणांना एकत्र धुंद होण्याची संधी.

'सोंगाड्या'च्याच काळात बंडाची शैली सर्वांत धारदार झाली ती दलित पँथरमध्ये. या टप्प्यावर मला थोडं थांबायचं आहे. साठच्या दशकातली लघुनियतकालिकं, अशोक शहाण्यांचं 'असो', राजा ढाल्यांचं 'येरू', 'विद्रोह', यांनी छापील मराठीचा शिष्टाचार मोडला होता. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात राहणारी, शिकलेली पण नोकरी नसलेली पोरं हे वाचत आणि लिहीत होती. गावागावांत दलितांवर अत्याचार चालले होते आणि रिपब्लिकन पक्षाचे गट आपसात भांडत होते. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे या मंडळींनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन संघटना काढली. त्याच वर्षी ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'मध्ये ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' छापून आला आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. वस्तीतली, कामाठीपुऱ्यातली, रस्त्यावरची भाषा पहिल्यांदाच कोणाची परवानगी न मागता छापखान्यात शिरली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत पँथर आणि शिवसेना समोरासमोर आले आणि भागवत जाधव हा कार्यकर्ता मारला गेला.

त्यानंतर काय झालं ते बघताना मन खट्टू होतं. दोन वर्षांच्या आत ढाले आणि ढसाळ वेगळे झाले. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. १९७७ मध्ये ढाले आणि ज. वि. पवारांनी पँथर बरखास्त केली. रामदास आठवले, अरुण कांबळे आदींनी नाव पुढे चालवलं. ज्या शिवसेनेशी रस्त्यावर झुंज झाली, तिच्याच 'सामना'त ढसाळ पुढे सदर लिहीत होते. आठवले २०११ मध्ये शिवशक्ती-भीमशक्तीच्या नावाने शिवसेनेबरोबर गेले आणि २०१६ मध्ये ते केंद्रात राज्यमंत्री झाले. त्यांच्या संसदेतल्या चारोळ्या देशभर पाहिल्या जातात. पँथरच्या कवितेने एके काळी ऐकणाऱ्याची झोप उडवली होती. आता सभागृह हसतं आणि पुढच्या विषयाकडे वळतं.

याला केवळ माणसांचा स्वभाव जबाबदार धरणं मला पटत नाही. पँथरने एक शब्दकळा दिली, एक ताठ मान दिली, आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं चाललेल्या लढ्याला माणसं दिली. पण जेध्यांच्या पिढीला जशी जमीन, शाळा आणि सहकार मिळाला तशी शिडी या पोरांच्या वाट्याला आली नाही. कारखान्याच्या संचालक मंडळात त्यांना कोणी बोलावलं नाही. हातात होती ती फक्त शैली, आणि ती प्रत्येक पक्षाला हवी होती. उपाशी माणसाला त्याचा डफ विकावा लागतो तेव्हा दोष विकणाऱ्याला द्यायचा की त्याला उपाशी ठेवणाऱ्याला?

त्याच शैलीची घरातली किंमत मलिका अमर शेख यांनी लिहून ठेवली आहे. इंदापूरजवळ गेलेल्या शाहिराची ही मुलगी, ढसाळांची बायको आणि स्वतः कवयित्री. १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे तिचं आत्मकथन आलं. बाहेर बंड करणाऱ्या पुरुषाच्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं, हे इतक्या उघडपणे मराठीत तोवर कोणी सांगितलं नव्हतं. या विषयावर पुढे कितीही अभ्यास झाले तरी त्या पुस्तकाला वळसा घालून जाता येणार नाही.

परदेशात याची समांतर उदाहरणं आहेत. साठच्या दशकाच्या शेवटी लंडनच्या कामगार वस्तीतली डोकी तासलेली पोरं जमैकातून आलेल्या काळ्यांच्या संगीतावर नाचत होती. दहा वर्षांनी तेच तासलेलं डोकं आणि तेच बूट नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाची खूण बनले. २००५ मध्ये मॅट फ्युरी या चित्रकाराने काढलेला पेपे नावाचा निरुपद्रवी बेडूक २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत कडव्या उजव्यांचं चिन्ह झाला, आणि २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लोकशाहीवादी पोरांनी तोच बेडूक भिंतीवर रंगवला. बंडाच्या वेशाला उपजत विचारसरणी नसते, एवढं यावरून दिसतं. आपल्याकडे फरक इतकाच की वेशाबरोबर जात येते, आणि जात सहजासहजी अंगावरून उतरत नाही.

शेतकरी संघटनेबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आंबेठाणला आलेल्या शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून सुरुवात केली आणि 'भारत विरुद्ध इंडिया' अशी उभी रेघ मारली. पॉप्युलिझमची याहून नेमकी मांडणी मराठीत झालेली नाही. छातीवरचा लाल बिल्ला ही तिची खूण. पण बिल्ल्याच्या मागे प्रशिक्षण शिबिरं होती, उत्पादन खर्चाचा हिशेब होता, १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन होतं, बायकोच्या नावे जमीन करणारा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम होता. त्यामुळे हा बिल्ला फक्त सभेत मिरवण्यापुरता राहिला नाही. राजू शेट्टींच्या स्वाभिमानीने तोच बिल्ला ऊसदराच्या लढाईत आणला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शेट्टींना अटक झाली ती इंदापुरात. फाटाफूट यांच्यातही झाली, सत्तेशी सोयरिकीही झाल्या. तरी शेतकऱ्याच्या खात्यात टनामागे चार पैसे जास्त पडले, हे नाकारता येत नाही.

आता भंडाऱ्याकडे येऊ. आमच्या भागात हा विषय सर्वांत जिवंत आहे. गजी ढोल, घोंगडं, काठी, पिवळा भंडारा: मेंढपाळाच्या या गोष्टींना गावकीत मान नव्हता. राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांनी त्यांचा झेंडा केला. २००९ मध्ये बारामतीतून सुप्रिया सुळे तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या होत्या. २०१४ मध्ये जानकर समोर उभे राहिले आणि फरक सुमारे ७० हजारांवर आला. त्याच वर्षी जुलैत धनगर समाजाला अनुसूचित जमातीचं आरक्षण मिळावं म्हणून बारामतीत उपोषण झालं. तिथे येऊन भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस यांनी, सत्ता आली की पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय घेऊ, असा शब्द दिला. सत्ता आली, जानकर मंत्रीही झाले.

इथे दोन्ही हिशेब शेजारी ठेवा. सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. मंत्र्यांच्या डोक्यावर पिवळा फेटा आला, खांद्यावर घोंगडं आलं. अहिल्यादेवींचं नाव वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात कोंडून पडलं होतं, ते ठळक अक्षरांत लागलं याचा आनंद खोटा नाही आणि मी त्याला हलकं लेखणार नाही. पण ज्या दाखल्यासाठी माणसं उपाशी बसली होती, तो मिळाला नाही. अनुसूचित जमातींच्या यादीतला 'धनगड' आणि आमचा धनगर एकच, हा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सोलापुरात निवेदन देता देता एका कार्यकर्त्याने मंत्री राधाकृष्ण विखे पाटलांच्या डोक्यावर भंडारा उधळला. पूजेची वस्तू निषेधाचं हत्यार होते तेव्हा आश्वासनावरचा विश्वास संपलेला असतो. आणि मेंढ्या घेऊन आठ-आठ महिने वाटेवर असणाऱ्या कुटुंबाला चराईचं रान, मुलांची शाळा, मेंढ्यांची चोरी या प्रश्नांवर जे हवं होतं, त्याची चर्चा त्या सगळ्या ढोलांच्या आवाजात क्वचितच ऐकू आली.

बैलगाडा शर्यतीची कथा याच चालीची. बारामती, इंदापूर, फलटण भागातलं शर्यतीचं मैदान एकदा जवळून पाहावं. नांगरून सपाट केलेली धावपट्टी, दोन बैलांचा हलका छकडा, गट, सेमी, फायनल अशा फेऱ्या, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि लाऊडस्पीकरवर बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव एका दमात घेणारा निवेदक. ज्याचं नाव तालुक्याच्या कोणत्याही कार्यालयात कोणी मोठ्याने घेत नाही, त्याचं नाव तिथे हजारोंसमोर घेतलं जातं. खिलार बैल सांभाळणं ट्रॅक्टरच्या जमान्यात तोट्याचं आहे. घरातले वैतागतात, पण पोरगा बैलाला अंडी-दूध पाजतो, त्याला पोहायला नेतो. उत्तरेकडे खेड-जुन्नरच्या घाटात पद्धत वेगळी आहे, तिथे बैलगाड्याच्या फेरीपुढे, म्हणजे बारीपुढे, घोडी धावते. पण प्रतिष्ठेची भूक दोन्हीकडे एकच.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. बैलाचे हाल होतात, हा मुद्दा पोकळ नव्हता: शेपट्या पिरगाळणं, टोचणं, विजेचे झटके देणं हे प्रकार होत होते आणि मैदानावरच्या जाणत्यांना ते माहीत होतं. पण निकाल गावात पोचला तो 'शहरातले इंग्रजी बोलणारे लोक आमचा खेळ बंद करतात' या रूपात. 'आम्ही' आणि 'ते' आयते तयार झाले. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, उच्च न्यायालयाने तो अडवला. २०१९ मध्ये बारामतीत अजित पवारांविरुद्ध लढून अनामत गमावलेल्या गोपीचंद पडळकरांनी ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी पोलीस बंदोबस्त चुकवून शर्यत भरवली आणि रातोरात सगळ्या मैदानांवर त्यांचं नाव झालं. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने परवानगी दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम केला. मधल्या काळात शिवाजी आणि संभाजी महाराजांच्या भूमिका करून खासदार झालेले डॉ. अमोल कोल्हे घाटात घोडीवर बसले, आणि भोसरीचे आमदार महेश लांडगे यांनी चिखलीत भरवलेल्या शर्यतीत जेसीबी बक्षीस होता. एकाही पक्षाने विरोध केला नाही.

मला यात खुपतं ते असं. त्याच दशकात याच पोरांच्या घरी दूध जात होतं. २०१८ च्या जुलैत दर मिळावा म्हणून दूध रस्त्यावर ओतावं लागलं, तेव्हा लिटरला ५ रुपयांचं अनुदान सुटलं. २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा तीच वेळ आली आणि पुन्हा तेच ५ रुपये. बैलासाठी सर्वपक्षीय एकजूट घटनापीठापर्यंत गेली; गाईच्या दुधासाठी अनुदानाची मुदत मोजत बसावं लागलं. शर्यतीला परवानगी देण्यात कोणत्याही कारखान्याचं, संघाचं, व्यापाऱ्याचं काही जात नव्हतं. दुधाच्या दराला हात घातला की कोणाच्या तरी नफ्याला हात लागतो.

मैदानावरून पोरं गावात परततात तेव्हा पुढचा मंच फ्लेक्सचा. बारामतीच्या भिगवण चौकात किंवा इंदापूरच्या बसस्थानकासमोर वाढदिवसाचा फ्लेक्स नीट निरखून बघावा. वरच्या ओळीत महापुरुष, आणि कोणते महापुरुष यावरून जात कळते. त्याखाली नेते, आकाराच्या उतरत्या क्रमाने. मध्ये पांढरा शर्ट, गॉगल, कानाला फोन लावलेला वाढदिवसाचा मानकरी. सगळ्यांत खाली शुभेच्छुक: टपालाच्या तिकिटाएवढे तीस-चाळीस चेहरे, प्रत्येकाखाली टोपणनाव. त्या तिकिटाएवढ्या जागेसाठी पोरं वर्गणी काढतात. बायका जवळपास नसतात. असल्या तर वाढदिवसाच्या रात्री मंचावर नाचायला, आणि गर्दीने धिंगाणा घातला की दोष नाचणारीला. मेळ्यांच्या काळातली ती खोड शंभर वर्षांनी तशीच आहे.

मे २०२२ मध्ये ठाण्याच्या आनंद दिघ्यांवरचा 'धर्मवीर' आला. दाढी, टिळा, टेंभी नाक्यावरचा दरबार पडद्यावर पोचला, आणि जूनमध्ये दिघ्यांच्याच चेल्याने शिवसेना फोडून खऱ्या वारशावर हक्क सांगितला. त्या बंडात गुवाहाटीहून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी फोनवर कार्यकर्त्याला केलेलं झाडी-डोंगार-हाटिलाचं वर्णन राज्यभर वाजलं. माणदेशी हेल, ज्याला पुण्यातल्या वर्गात हसलं जायचं, तो अचानक सगळ्यांच्या ओठांवर आला. सत्तांतराचा घटनात्मक प्रश्न त्या गोड बोलण्याखाली कितीतरी दिवस दबून राहिला. मात्र २०२४ मध्ये सांगोल्याच्या मतदारांनी शहाजीबापूंना पाडलं आणि निवडून दिला तो शेकापचा उमेदवार, गणपतराव देशमुखांचा नातू. जेधे-मोऱ्यांनी काढलेल्या पक्षाची ती जवळपास शेवटची गढी. नुसत्या शैलीवर सगळं निभत नाही, हे तिथल्या मतदाराने दाखवलं.

सगळ्यांनाच मंच मिळतो असंही नाही. कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ मध्ये विधानभवनाबाहेर पोलिसांच्या स्वाधीन झाले. एप्रिल २०२३ मध्ये फुटलेल्या आमदारांना मिळाल्याचा आरोप असलेल्या पैशाच्या 'खोक्यां'वर रॅप करणाऱ्या राज मुंगासेवर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. ताल तोच, टिंगल तीच. फरक एवढाच की ही टिंगल कोणत्या नेत्याच्या मंचावर गेली नव्हती, आणि तिने जातीचा शत्रू न दाखवता पैशाचा हिशेब मागितला होता.

९ डिसेंबर २०२३ ला इंदापुरात ओबीसींची एल्गार सभा झाली. मंचावर छगन भुजबळ, पडळकर. सप्टेंबरात अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर मराठा आरक्षण मागणाऱ्या मनोज जरांगे पाटलांच्या मागे भगवे गमछे आणि जेसीबीतून उधळलेली फुलं उभी राहिली होती. इथे पिवळं आणि निळं उभं होतं. त्याच दिवशी शहरात मराठा आंदोलकांशी आमनेसामने झालं आणि पडळकरांच्या दिशेने चप्पल भिरकावली गेली. दोन्हीकडच्या पोरांचे गॉगल सारखे होते, गाड्यांची पळवापळवी सारखी, रील काढण्याची घाई सारखी. आणि दोन्हीकडच्यांसाठी बंद असलेलं दारही एकच होतं. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची आणि इंदापूर पंचायत समितीची मुदत संपली होती, आणि निवडणूक लागत नव्हती. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. गणातून उभं राहावं, पडावं, पाच वर्षं रस्त्याच्या आणि शाळेच्या खोलीच्या मागे लागावं, ही शिडीची सगळ्यात खालची पायरी नेमक्या त्याच वर्षांत काढून घेतलेली होती. त्या दिवशी इंदापुरात समोरासमोर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या कोणालाही पंचायत समितीचा फॉर्म भरण्याची संधी एकदाही मिळालेली नव्हती.